पित्ताले कफ चालते का?

खलात सुंठ कुटता कुटता कौशल्याबाईंनी मान वर केली आणि विचारलं, "मॅडम, आज कोनी आलं का नाई?"

"आले होते दोघं," डॉक्टर चिन्मयी मोहरील म्हणाली. "एक जण पत्ता विचारायला. दुसऱ्यांना खालच्या हार्डवेअरमध्ये जायचं होतं, ते जिना चुकले."

हुडकेश्वर रोडवर, हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर चिन्मयीनं आयुर्वेदाचा दवाखाना थाटला त्याला दोन महिने झाले होते. भिंतीवर प्रमाणपत्र, कपाटात चूर्णांच्या बरण्या, बाहेर तीन बाकडी आणि औषधं कुटायला कौशल्याबाई, असं सगळं होतं. रोगी तेवढे नव्हते. पुण्याच्या एका औषध कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती आणि दिवाळीपर्यंत उत्तर मागितलं होतं. तिचे वडील दत्तोपंत, पोस्टातून निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी "आज किती?" असं विचारायचे. हल्ली त्यांनी ते विचारणं सोडून दिलं होतं, आणि चिन्मयीला त्याचंच जास्त लागायचं.

"लोकांना आयुर्वेद म्हणजे काय हेच माहीत नाही, मावशी," ती म्हणाली. "कडू काढा प्यायचा, एवढंच त्यांना ठाऊक. एकदा सगळ्यांना बसवून नीट परिचय करून द्यायला पाहिजे."

"मंग परिचय मेळावा घ्या ना!" कौशल्याबाईंचा हात थांबला. "आमच्या समाजभवनात दर सालाले होते. भल्ली गर्दी येते बाप्पा. पाय ठेवाले जागा नसते."

परिचय मेळावा! चिन्मयीला शब्द फारच आवडला. तुमच्या समाजभवनात दर साली होणाऱ्या या मेळाव्यात परिचय नेमका कुणाचा कुणाशी होतो, हे विचारायचं मात्र तिला सुचलं नाही. कौशल्याबाईंना ते सांगायचं सुचलं नाही, कारण ते लहान पोराला देखील माहीत असतं असा त्यांचा समज होता.

त्यांनी लगेच गोलूभाऊंना फोन लावला. गोलूभाऊ म्हणजे चौकातले फ्लेक्सवाले, वय चाळीस, वजन शंभरच्या आसपास आणि कामाचा कंटाळा त्याहून जास्त. "गोलूभाऊ, परिचय मेळाव्याचा फ्लेक्स पायजे. येत्या रविवारी दहा वाजता, आपलं समाजभवन. वरतं आयुर्वेद असं लिहा."

गोलूभाऊंच्या कॉम्प्युटरमध्ये मागच्या वर्षीचा फ्लेक्स तयारच होता. त्यांनी 'वधू-वर' पुसलं, तिथे 'आयुर्वेद' टाकलं, तारीख बदलली आणि चहा मागवला. बाकीचं, म्हणजे गुलाबी रंग, दोन बाजूंना दोन हार, सनई वाजवणारा गणपती आणि तळाची 'इच्छुकांनी पत्रिका व फोटोसह पालकांसोबत यावे' ही ओळ, होतं तसंच राहिलं. वर सौजन्य म्हणून त्यांनी फ्लेक्सचा फोटो समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकला. यंदाचा मेळावा लवकर आहे, आणि तो आयुर्वेद नावाच्या कुठल्यातरी नव्या संस्थेनं घेतला आहे, असा अर्थ ग्रुपनं एकमतानं काढला.

रविवारी सकाळी नऊला चिन्मयी दत्तोपंतांच्या स्कूटरवर मागे बसून समाजभवनापाशी उतरली. फाटकावर फ्लेक्स होता. त्याच्यासमोर भिवापूरहून आलेली एक जीप उभी असल्यामुळे फक्त वरचा भाग दिसत होता: आयुर्वेद परिचय मेळावा. रंग जरा जास्तच गुलाबी आहे, एवढं तिच्या मनात आलं. पण तिनं आत पाहिलं आणि रंगबिंग विसरली. नऊ वाजताच सभागृह भरत आलं होतं. बायका जरीच्या साड्यांत होत्या. पोरं तर ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात कोट घालून बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "आयुर्वेदाबद्दल लोकांच्या मनात इतका आदर असेल असं वाटलं नव्हतं हो."

दत्तोपंत दाराशी नोंदणीचं टेबल घेऊन बसले. पहिल्याच गृहस्थांनी विचारलं, "मुलाकडचे कोनत्या बाजूनं बसतात?" दुसऱ्यानं त्यांच्यापुढे एक जन्मपत्रिका आणि मुलीचा फोटो ठेवला. तिसऱ्यानं हळूच विचारलं, "घटस्फोटितांची रांग वेगळी आहे का?" तेव्हा दत्तोपंत उठले, फाटकाशी गेले, जीपच्या मागे शिरले आणि फ्लेक्स तळापर्यंत वाचून आले. परत येताना त्यांनी दारातून आत पाहिलं. चिन्मयी स्टेजवर माइकशी खटपट करत होती आणि हसत होती. दोन महिन्यांत तिला असं हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं. दत्तोपंत खुर्चीवर बसले, त्यांनी वहीच्या मधोमध एक रेघ मारली, डाव्या बाजूला 'मुलं' लिहिलं, उजव्या बाजूला 'मुली', आणि म्हणाले, "हं, पुढचे या."

दहाच्या ठोक्याला चिन्मयीनं बोलायला सुरुवात केली.

"आयुर्वेद म्हणजे आयुष्याचं ज्ञान. त्रास सुरू झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा माणूस आधीच नीट ओळखून घ्यावा, असं आयुर्वेद सांगतो."

सगळ्या माना हलल्या. तिसऱ्या रांगेत कामठीहून आलेल्या कामिनीबाई आपल्या काजलला म्हणाल्या, "खरं बोलून राहिली. आधीच ओळखून घ्या लागते. मंग रडून काय फायदा?"

"प्रत्येक माणसात तीन दोष असतात," चिन्मयी म्हणाली.

भिवापूरच्या जयवंताबाई ताडकन उभ्या राहिल्या. शेजारी त्यांचे यजमान चंद्रभानजी आणि मुलगा सुशील बसले होते. "आमच्या पोट्ट्यात एकही दोष नाई, मॅडम. सुपारीचं खांड खात नाई तो."

"असतात हो काकू. माझ्यातही आहेत," चिन्मयी हसून म्हणाली. हे ऐकून सभागृह भारावलं. संस्थेची मुख्य बाई स्वतःचे दोष उघड सांगते, हे कुठल्याच मेळाव्यात कुणी पाहिलं नव्हतं.

"दोष म्हणजे खोट नव्हे," ती पुढे म्हणाली. "वात, पित्त आणि कफ. वात हालचाल करवतो, पित्त पचवतं, कफ शरीराला धरून ठेवतो. तिन्ही लागतात. पण कुणात एक जास्त, कुणात दुसरा. जन्मतः जे प्रमाण घेऊन आपण येतो ती आपली प्रकृती. म्हणून शेजाऱ्याला जे मानवलं ते तुम्हाला मानवेलच असं नाही."

अनेकांनी शेजाऱ्याची सून आठवून उसासा टाकला.

मग ती दिनचर्येवर आली. सूर्योदयाआधी उठावं, भूक लागल्यावरच जेवावं, ताजं आणि गरम खावं, दुपारी झोपू नये. मुलांच्या आया उजव्या बाजूला बसलेल्या मुलींकडे वळून वळून पाहू लागल्या. तेवढ्यात कामिनीबाईंनी हात वर केला, "हे पोट्ट्याईलेही लागू आहे का?"

"सगळ्यांना. अगदी सारखं," चिन्मयी म्हणाली आणि उजव्या बाजूनं टाळ्यांचा कडकडाट झाला.

यानंतर कौशल्याबाईंनी सगळ्यांना एकेक छापील कागद वाटला. वर लिहिलं होतं, 'प्रकृती पत्रिका'. चिन्मयीनं माइक तोंडाजवळ घेतला. "पत्रिका खरी भरा. इथे खोटं लिहिलं तर पुढे जन्मभर तुम्हालाच त्रास होईल."

या मंडळींनी आजवर डझनांनी बायोडाटा लिहिले होते आणि प्रत्येकात मुलगा मनमिळाऊ होता, मुलगी गृहकृत्यदक्ष होती. इथे प्रश्नच वेगळे होते. राग किती लवकर येतो? आल्यावर किती वेळ टिकतो? झोपेत घोरता का? भूक लागल्यावर वाट पाहता येते का? जयवंताबाई सुशीलच्या कानाशी कुजबुजल्या, "लिही, राग येतच नाई."

"आई, तू गप बस वं!" सुशील खेकसला. ते चार रांगांना ऐकू गेलं. मग त्यानं मान खाली घालून लिहिलं: लवकर येतो.

मग नाडी पाहायला एकेकाला स्टेजवर बोलावलं, त्यात पहिलाच नंबर त्याचा लागला. वय तेहतीस, भिवापुरात कृषी सेवा केंद्र, आणि आजवर एकोणतीस ठिकाणांहून नकार. चिन्मयीनं त्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. मुलाकडच्यांना धन्य वाटलं. पत्रिकेतली नाडी सगळेच पाहतात, इथे बाई प्रत्यक्ष नाडी पाहत होत्या.

"बेडकासारख्या उड्या मारतेय," ती म्हणाली. "पित्ताची नाडी अशीच असते."

मागच्या रांगांना ऐकू यावं म्हणून कौशल्याबाईंनी माइक घेतला. "सुशील चंद्रभान, भिवापूर! नाडी बेंडकाची! पित्त!"

"बेंडूक म्हन्ते माझ्या लेकराले!" जयवंताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चूप राय वं," चंद्रभानजी म्हणाले. "संस्थेची पद्धत असन तशी."

"तिखट किती खाता?" चिन्मयीनं सुशीलला विचारलं.

"भिवापूरचा आहो, मॅडम. मिरची घरचीच."

"छातीत जळजळ?"

"रोजच."

"आणि केस कधीपासून गळून राहिले?"

जयवंताबाईंनी मांडीवरच्या त्याच्या फोटोवर पटकन पदर टाकला. फोटो पाच वर्षांपूर्वीचा होता. सुशीलनं समोर बसलेल्या दोनशे लोकांकडे पाहिलं, टाळूवरून हात फिरवला आणि म्हणाला, "तीन वर्षांपासून. आता जेवढे आहे तेवढेच आहे."

असं खरं बोलणारा मुलगा मेळाव्यात उभा राहिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. उजव्या बाजूला कुजबुज सुरू झाली.

"मंग याले काय लागते?" चंद्रभानजींनी खालूनच विचारलं.

"थंड, स्निग्ध, गोड," चिन्मयी म्हणाली. तिच्या मनात तूप, दूध आणि काळ्या मनुका होत्या. "घाई न करणारं. शांत करणारं."

सगळं सभागृह अशी मुलगी शोधू लागलं, आणि तेवढ्यात काजलचं नाव पुकारलं गेलं. काजल कामठीच्या एका शाळेत गणित शिकवायची. ती सावकाश उठली, सावकाश चालत आली आणि सावकाश बसली. तिची वेणी जाडजूड होती. चिन्मयीनं नाडी पाहिली.

"वा! संथ, स्थिर. हंसासारखी."

"काजल, कामठी!" कौशल्याबाई माइकवर गरजल्या. "नाडी हंसाची! कफ!"

जयवंताबाई पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी त्यांचा आवाज वेगळाच होता. "मॅडम, एक सांगा. पित्ताले कफ चालते का?"

"चालतो म्हणजे काय!" चिन्मयीचा हा आवडता विषय होता. "पित्ताचा दाह कफाच्या गुणांनीच तर निवतो. आणि कफालाही पित्ताची ऊब लागते, नाही तर तो सुस्त पडून राहतो. दोघं एकमेकांना सांभाळून घेतात."

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिटी वाजवली. आपल्या शास्त्राला शिटी मिळालेली पाहून चिन्मयीनं स्टेजवरूनच हात जोडले.

त्यानंतर काही धरबंद राहिला नाही. "वाताले कोन चालते?" "दोन्हीकडून कफ असला तं?" "आमचं वात-पित्त निघालं, अर्धं इकडे पाहावं का तिकडे?" लोक खुर्च्या उचलून जागा बदलू लागले. एका आजीबाईंनी विचारलं, "दोघंही वातच असले तं काय होते?"

"मग घरात वादळच," चिन्मयी गमतीनं म्हणाली. त्याबरोबर खिडकीशी अर्धा तास गप्पा मारत बसलेल्या वाताच्याच एका मुला-मुलीला दोन्हीकडच्या आयांनी दंडाला धरून वेगळं केलं.

बारा वाजता तिनं स्टेजवरून पाहिलं, तर लोक दोन-दोनचे गट करून एकमेकांच्या प्रकृती पत्रिका वाचत होते. "बाबा, बघा," ती दत्तोपंतांना म्हणाली, "आपसात चर्चा करून राहिले! काय ही शास्त्राची गोडी!"

दत्तोपंतांनी एक पेला पाणी प्यायलं. मग आणखी एक.

तेवढ्यात जयवंताबाई आणि कामिनीबाई हातात हात घालून स्टेजवर आल्या. मागे चंद्रभानजी पेढ्यांचा डबा घेऊन होते.

"मॅडम, आमचं जमलं," जयवंताबाई म्हणाल्या. "आता साक्षगंधाची तारीखही तुमीच सांगा. पित्ताले कोनता महिना बरा?"

"पित्ताला शरद वाईट, हेमंत चांगला," चिन्मयी सवयीनं म्हणून गेली आणि थबकली. "साक्षगंध? साखरपुडा? कुणाचा?"

"सुशीलचं अन् काजलचं. आनखी कोनाचं?"

चिन्मयीनं सभागृहाकडे नव्यानं पाहिलं. कोट घातलेली पोरं. जरीच्या साड्या. मांडीवरच्या जन्मपत्रिका. फोटो. तिनं कौशल्याबाईंकडे पाहिलं.

"परिचय मेळाव्यात आनखी काय होते, मॅडम?" कौशल्याबाई निरागसपणे म्हणाल्या.

ती दत्तोपंतांकडे वळली. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"साडेनऊला कळलं," दत्तोपंत म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"तू इतकी खूश दिसून राहिली होती," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी शोधू लागले.

पळून जावं असं तिला एकदा वाटलं. पण तिनं माइक घेतला. "माफ करा. मी लग्नं जमवणारी संस्था नाही. मी वैद्य आहे. हुडकेश्वर रोडला माझा दवाखाना आहे. मी आयुर्वेदाचा परिचय करून देत होते. नाडी म्हणजे मनगटाची. दोष पोटातले. तुमची माझ्यामुळे फसगत झाली."

मग चंद्रभानजी म्हणाले, "म्हंजे आमी भिवापूरहून जीप करून औषध प्याले आलो?"

एकदम गलका उठला. कुणी फ्लेक्सला नावं ठेवली, कुणी गोलूभाऊंना फोन लावला, त्यांनी तो उचलला नाही. चिन्मयीचे डोळे भरले. मनातल्या मनात ती पुण्याला हो म्हणून मोकळी झाली होती. तेव्हा तिच्या हातातला माइक कुणीतरी सावकाश काढून घेतला. काजल होती.

"हा माझा अकरावा मेळावा," ती अजिबात घाई न करता बोलू लागली. "दर वेळी उंची विचारतात, रंग विचारतात, पोळ्या गोल येतात का विचारतात. झोप चांगली लागते का, असं मले आजवर कोनी नाई विचारलं. अन् यायनं," तिनं सुशीलकडे बोट दाखवलं, "यायनं स्वतःच्या हातानं लिहिलं का राग लवकर येते. बाकीचे मनमिळाऊ लिहितात अन् पहिल्या फोनवरच ओरडतात. मेळावा कोनाचाही असू दे. मले हे पोट्टं चालते." माइक चिन्मयीच्या हातात परत देऊन ती जाऊन बसली.

सुशील टाळूपर्यंत लाल झाला.

गलका विरला. चंद्रभानजींनी थोडा वेळ पेढ्यांच्या डब्याकडे पाहिलं, मग बाही वर करून मनगट पुढे केलं. "आलोच आहो तं माझीही पाहा, मॅडम. वीस साल झाले, गुडघे लय तरास देऊन राहिले." त्यांच्यामागे कामिनीबाई उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे घटस्फोटितांची चौकशी करणारे गृहस्थ, आणि बघता बघता आईबापांचीच रांग दारापर्यंत गेली. चार वाजेपर्यंत चिन्मयीला जेवायलाही फुरसत मिळाली नाही. पुण्याला तिनं सोमवारी सकाळी नकार कळवला, कारण दुपारी तिला वेळ होणार नव्हता.

तीन आठवड्यांनी जयवंताबाई एकट्याच दवाखान्यात आल्या. बाहेरची तिन्ही बाकडी भरलेली होती. आत येऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

"मॅडम, सुशीलचं औषध बंद करा."

"का हो? उतार पडला नाही?"

"पडला नं! तेच तं!" त्या रडकुंडीला आल्या. "जळजळ गेली. तिखट कमी केलं. दूध-तूप खाऊन राहिला. काल त्याच्या बापानं दुकानाची चाबी हरवली तरी हासत होता! मले तं धसकाच बसला. मॅडम, पोट्टी पित्तावर ठरली आहे. पित्तच गेलं तं जोडी कशी जमन? साक्षगंध होईपर्यंत तरी थोडं राहू द्या."

चिन्मयीनं ओठ दाबून हसू आवरलं. "काकू, प्रकृती जन्माची असते. ती बदलत नाही. मी फक्त वाढलेलं पित्त खाली आणलं. तुमचा सुशील पित्ताचा तो पित्ताचाच राहणार."

"जन्मभर?"

"जन्मभर."

जयवंताबाईंचा जीव भांड्यात पडला. "मंग द्या बाप्पा, आनखी महिन्याचं द्या," असं म्हणत त्या पुड्या घेऊन बाहेर पडल्या, आणि पहिल्याच बाकड्यावर बसलेल्या कामिनीबाईंना धडकल्या.

"तुमी इथं?" दोघी एकदमच म्हणाल्या.

"केस गळून राहिले," कामिनीबाई म्हणाल्या.

"माझेही," जयवंताबाई म्हणाल्या आणि घाईघाईनं जिन्याकडे गेल्या.

कामिनीबाई आत आल्या, त्यांनीही दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, तुमी सांगतलं तशी काजल पहाटे फिराले जाऊन राहिली. दुपारची झोप बंद. आता भल्ली चपळ झाली. परवा तं मले उलटून बोलली, जिंदगीत पहिल्यांदा! तिकडच्यांनी कफ पाहून हो म्हन्लं आहे. तिले थोडा कफ वाढाचं औषध देता का? त्याईले कळू नका देऊ फक्त."

"कामिनीताई, बसा," चिन्मयी म्हणाली. "प्रकृती म्हणजे काय, ते तुम्हाला पुन्हा एकदा सांगते."

दार जरासं उघडलं आणि फटीतून जयवंताबाईंचं डोकं आत आलं.

"थांबा मॅडम, मलेही ऐकू द्या. सून आमच्या घरी येनार आहे."